१.३ मल्टिजेट, डीडीआयएस, क्वाड्राजेट: चार सिलिंडरच्या एका डिझेल इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्टिजेट, डीडीआयएस आणि क्वाड्राजेट ही तीन वेगळी इंजिनं आहेत का?

नाही, तिन्ही एकाच घराण्यातली आहेत. फियाट आणि जनरल मोटर्स यांची भागीदारी २००० ते २००५ अशी टिकली. त्या काळात हे १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन आकाराला आलं आणि २००३ मध्ये फियाट पुंटोतून बाजारात उतरलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘स्मॉल डिझेल इंजिन’, म्हणजे एसडीई. पुढे ज्याने घेतलं त्याने आपलं नाव दिलं. फियाटने मल्टिजेट म्हटलं, मारुती सुझुकीने डीडीआयएस, टाटाने क्वाड्राजेट, ओपलने सीडीटीआय आणि शेवरोलेने स्मार्टेक. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डी१३ए हा कोड दिसेल, जुन्या ओपलच्या कागदांवर झेड१३डीटी.

एक गल्लत मात्र नेहमी होते. इंडिका आणि इंडिगो ईसीएसमध्ये असलेलं १३९६ सीसीचं सीआर४ इंजिन या घराण्यातलं नाही, ते टाटांचं स्वतःचं आहे. सुटा भाग मागताना ‘इंडिकाचं डिझेल’ एवढंच सांगितलं, तर हमखास चुकीचा भाग हातात पडतो.

सीसी १२४८, मग नाव १.३ कसं? गणिताने तर १.२ व्हायला हवं.

गणित तुमचं बरोबर आहे. फियाटकडे तेव्हा १२४२ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं आणि ते १.२ म्हणूनच विकलं जात होतं. आकारात सहा सीसीचाच फरक असलेल्या डिझेलला १.३ म्हटलं की शोरूममध्ये दोन्ही वेगळी ओळखू येतात. हा माझा तर्क, पण नावं ठेवण्याचं काम इंजिनिअरपेक्षा विक्री विभागाकडे जास्त असतं, एवढं नक्की.

भारतात या सीसीला आणखी एक महत्त्व आलं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना कमी उत्पादन शुल्क लागू झालं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत. १२४८ सीसी त्या चौकटीत आरामात बसलं. युरोपात आखलेलं इंजिन भारतीय करनियमाच्या मापात आयतंच बसावं, हा योगायोग इथल्या कंपन्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिलिमीटर. या आकड्यांतून काय कळतं?

बरंच काही. सिलिंडर बारीक आहे आणि पिस्टनची धाव लांब. एका सिलिंडरचं आकारमान येतं ३१२ सीसी. अशा इंजिनाचा जीव वरच्या आरपीएममध्ये (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत) नसतो. ४००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर होतो. धातूला तो जड नाही, पण डिझेलच्या ज्वलनाला तिथून पुढे वेळ अपुरा पडायला लागतो. त्यामुळे हे इंजिन खेचत नेण्यात फारसा अर्थ नसतो. वेळेवर वरचा गिअर टाकलात तर ते खुशीत चालतं.

आता यातली खरी गंमत. डिझेलसाठी ३१२ सीसीचा सिलिंडर फार लहान मानला जातो. सिलिंडर जितका छोटा, तितकं त्याच्या भिंतींचं क्षेत्रफळ आतल्या हवेच्या मानाने जास्त, आणि तितकी उष्णता पाण्यात वाया जाते. म्हणून छोट्या डिझेलसाठी इतरांनी तीन सिलिंडरचा रस्ता धरला. फोक्सवॅगनचं १.४ टीडीआय किंवा ह्युंदाईचं १.१ सीआरडीआय ही त्याची उदाहरणं. फियाटने चारच ठेवले. उष्णतेत थोडं गमावलं, पण थरथर कमी झाली. स्विफ्टसारख्या गाडीत आधी पेट्रोल चालवणाऱ्या माणसाला डिझेल गळी उतरवायचं असेल, तर हा सौदा शहाणपणाचा होता असं माझं मत आहे.

त्यातूनही तीन सिलिंडरचा भाऊ जन्मलाच. शेवरोले बीट डिझेलचं ९३६ सीसी इंजिन आठवतं? ३१२ ला तीनने गुणून पाहा.

इंजिन हलकं आहे म्हणतात. किती हलकं?

सगळी जोडसाधनं धरून सुमारे १३० किलो, लांबी ५० सेंटिमीटरच्या आत. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. वर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार म्हणजे एकूण १६ व्हॉल्व्ह. टॅपेट हायड्रॉलिक असल्याने ते ‘सेट’ करण्याचा प्रश्न येत नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, नेहमीचीच, १-३-४-२.

‘मल्टिजेट’मध्ये मल्टि काय आहे?

डिझेल मारण्याच्या खेपा. जुन्या डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये डिझेल एकदाच, एका दमात जायचं. तेवढं सगळं एकदम पेटलं की दाब झटक्यात चढायचा, आणि तोच तो ट्रॅक्टरसारखा ‘टकटक’ आवाज. कॉमन रेलमध्ये पंप आधीच डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवतो. या इंजिनाच्या सुरुवातीच्या रूपात तो दाब १६०० बारपर्यंत जातो. कुठलं नोझल कधी आणि किती वेळ उघडायचं हे संगणक ठरवतो.

प्रवासी गाडीत कॉमन रेल पहिल्यांदा आलं १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ मध्ये. त्यामागचं संशोधन फियाटच्या गटात झालं होतं, पण उत्पादनासाठी ते १९९० च्या दशकात बॉशकडे गेलं. त्या पहिल्या पिढीत मुख्य फवाऱ्याआधी एक छोटा फवारा असायचा. मल्टिजेटने एका चक्रात पाच फवाऱ्यांपर्यंत मजल मारली. आधीचे थेंबभर फवारे सिलिंडर गरम करून ठेवतात, त्यामुळे मुख्य डिझेल दणका न देता पेटतं. नंतरचे फवारे उरलेली काजळी जाळायला मदत करतात.

हे किती बारीक काम आहे याचा अंदाज घ्या. २००० आरपीएमला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा बारा हजारावा भाग लागतो. पाचही फवारे अशा मोजक्या अंशांत बसवायचे. म्हणूनच भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल जुनं इंजिन पचवायचं आणि हे पचवत नाही. १९९८ च्या इंडिकातल्या १४०५ सीसी डिझेलला मेकॅनिक जे काही पाजत, ते याला पाजून चालणार नाही.

७५ पीएस (अश्वशक्ती) आणि ९० पीएस यांत फरक नेमका कुठे आहे?

मुख्यतः टर्बोत, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यात. बोअर आणि स्ट्रोक दोन्हींत तेच. ७५ पीएसच्या रूपात साधा टर्बो असतो, म्हणजे एक्झॉस्टचा वायू ज्या वाटेने टर्बाइनवर येतो ती वाट कायम तेवढीच. ९० पीएसमध्ये व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो) असतो. यात टर्बाइनच्या भोवती हलणारी पाती असतात. आरपीएम कमी असताना पाती मिटून वाट अरुंद करतात, वायूचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर फिरायला लागतो. आरपीएम वाढलं की पाती उघडतात आणि वायू न गुदमरता बाहेर जातो.

मारुतीचे आकडे घेऊ. ७५ पीएसला टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९० न्यूटन-मीटर, २००० आरपीएमला. ९० पीएसला टॉर्क २०० न्यूटन-मीटर, १७५० ला. जाहिरात वाचणाऱ्याला वाटतं, फरक दहाचाच. पण पॉवरच्या आकड्यावरून उलटा हिशेब केला, तर ४००० आरपीएमला पहिल्याकडे सुमारे १३२ न्यूटन-मीटर उरलेले असतात आणि दुसऱ्याकडे १५८. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना तुम्ही याच पट्ट्यात असता. जास्तीचे १५ पीएस खर्च होतात ते तिथे. शहरात दोघांत जाणवतो तो फरक एवढाच की व्हीजीटी थोडा आधी जागा होतो.

फियाटने लिनिया आणि पुंटोच्या वरच्या मॉडेलांत याच व्हीजीटी रूपातून ९३ पीएस आणि २०९ न्यूटन-मीटर काढले. युरोपात पुढे मल्टिजेटची दुसरी पिढी आली, तिने फियाट ५०० मध्ये ९५ पीएसपर्यंत मजल मारली.

२००० आरपीएमच्या खाली गाडी मेल्यासारखी का वाटते?

टर्बो झोपलेला असतो म्हणून. तेवढ्या वेळापुरतं तुम्ही टर्बो नसलेलं सव्वा लिटरचं डिझेल चालवत असता, आणि डिझेलला टर्बोशिवाय फारसा दम नसतो. वळणावर किंवा स्पीडब्रेकरवर गाडी तिसऱ्यात रेंगाळली, आरपीएम १४००-१५०० वर आला आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो.

उपाय ड्रायव्हरच्या डाव्या हातात आहे. घाटात वळण यायच्या आधीच एक गिअर उतरवा. वळणात शिरल्यावर उतरवायला गेलात तर उशीर झालेला असतो. पेट्रोलवरून आलेल्या माणसाला या सवयीला महिनाभर लागतो. त्यानंतर तो तक्रार करत नाही, असा माझा अनुभव आहे.

भारतात हे कुठे कुठे तयार झालं?

दोन मोठी ठिकाणं. हरियाणात मानेसरला सुझुकी पॉवरट्रेन इंडियाने परवान्यावर ते बनवलं आणि जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली. ही कंपनी पुढे मारुतीतच विलीन झाली. दुसरं ठिकाण आपलं पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव. तिथे फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात दोघांच्या गाड्यांसाठी ही इंजिनं तयार होत.

२०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली तफावत वाढली आणि डिझेल स्विफ्टला एवढी मागणी आली की मानेसर कमी पडलं. तेव्हा मारुतीने रांजणगावहून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार फियाटशी केला. म्हणजे आपली गाडी विकायला झगडणारी फियाट बाजारातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाला इंजिन पुरवत होती. युरोपातला मुख्य कारखाना पोलंडमध्ये, बिएल्स्को-बियावा इथे होता.

कोणत्या गाड्यांत आहे ते सांगा.

मारुतीत ७५ पीएसचं रूप स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, बलेनो आणि इग्निसमध्ये. ९० पीएसचं एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस आणि व्हिटारा ब्रेझामध्ये. ब्रेझा तर २०१६ मध्ये आली तीच फक्त या इंजिनासह. टाटात व्हिस्टा, मांझा, झेस्ट आणि बोल्ट. फियाटच्या पालिओ स्टाइल, ग्रँड पुंटो, लिनिया, अवेंच्युरा. शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉय. बाहेरच्या देशांत ओपल कोर्सा, लान्सिया इप्सिलॉन, अल्फा मिटो, एवढंच काय, फोर्डच्या छोट्या ‘का’मध्येही. ‘भारताचं राष्ट्रीय डिझेल इंजिन’ असं त्याला मोटार पत्रकार गमतीने म्हणायचे ते उगीच नाही. २००५ मध्ये ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ स्पर्धेत एक ते १.४ लिटर गटाचं बक्षीसही त्याने घेतलं होतं.

इंजिन एकच, मग स्विफ्ट पळते आणि लिनिया जड का वाटते?

वजन, गिअरचं गुणोत्तर आणि संगणकातलं गणित, या तिन्हींमुळे. लिनिया स्विफ्टपेक्षा मोठी आणि वजनदार. शिवाय ॲक्सिलरेटर किती दाबला की किती डिझेल सोडायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. मारुतीने पहिल्या इंचभरातच भरपूर सोडायचं ठरवलं, म्हणून गाडी चपळ वाटते. फियाटची मांडणी जास्त सावकाश आहे. शंभराच्या वेगाने दिवसभर चालवायची असेल तर मी फियाटची निवडीन, बाजारपेठेत सोमवारी सकाळी शिरायचं असेल तर मारुतीची.

टायमिंगला बेल्ट आहे की चेन?

क्रँकशाफ्टला कॅमशाफ्टशी जोडून व्हॉल्व्हची वेळ सांभाळते ती चेन. त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बदलण्याचा खर्च नाही. पण ‘चेन म्हणजे जन्मभराची’ हे अर्धसत्य आहे, आणि या इंजिनाच्या बाबतीत महागात पडणारं.

चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं, जुनं होऊन पातळ झालं किंवा काजळीने घट्ट झालं की टेन्शनर आपलं काम नीट करत नाही. चेन ढिली पडते, दातांवर झिजते, हळूहळू लांबते. सकाळी पहिल्या स्टार्टला पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येत असेल, तर ती चेन बोलते आहे असं समजा आणि पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका. चेन एखादा दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते. मग हेड उतरवण्यावाचून पर्याय नाही.

ऑइल कधी बदलावं?

युरोपात फियाटने सुरुवातीला ३०,००० किलोमीटरचा काळ सांगितला होता. तो आकडा आपल्याकडे विसरा. मारुतीचं वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं आहे. गाडी गर्दीत, धुळीत, थोड्या थोड्या अंतराला चालत असेल तर मी ७,५०० ला बदला म्हणेन. कारण साधं आहे. या इंजिनात ऑइल मावतं सुमारे तीन लिटर. त्याच तीन लिटरना टर्बो थंड ठेवायचा असतो, चेनचा ताण सांभाळायचा असतो आणि डिझेलची काजळीही पोटात घ्यायची असते. त्यातलं अर्धा लिटर जळून गेलं आणि कुणी पाहिलं नाही, तर तो सहावा हिस्सा गेला. महिन्यातून एकदा डिपस्टिक ओढून पाहा.

ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच घाला.

इतर कोणते भाग त्रास देतात?

ईजीआर व्हॉल्व्ह पहिला. धुरातला काही भाग परत सिलिंडरमध्ये सोडून नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करण्याचं काम त्याचं. धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की काळं, चिकट डांबर तयार होतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. गाडी गचके देते, काळा धूर सोडते. फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला हे जास्त होतं. साफ केल्यावर बहुतेक वेळा पुन्हा ठीक चालतो.

पिकअप अचानक गेला आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येतो आहे? टर्बो गेला म्हणून घाबरण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचे) रबरी पाइप तपासा. पाइप फाटला किंवा क्लिप ढिली झाली तरी लक्षणं तीच. पाइपची किंमत आणि टर्बोची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून तपासण्याचा क्रम महत्त्वाचा. डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही, तर नोझल आणि पंप दोन्ही खराब होतात.

मारुतीच्या इंजिनाचे भाग टाटाला किंवा फियाटला बसतात का?

मूळ यांत्रिक भाग पुष्कळसे सारखे आहेत. पण मॅनिफोल्ड, माउंटिंग, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) गाडीप्रमाणे बदलतात. भाग क्रमांक जुळवल्याशिवाय घेऊ नका. नोझल बदललं तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. नुसतं घट्ट करून गाडी सोडणाऱ्या मेकॅनिकला तेवढं विचारून घ्या.

२८ चं ॲव्हरेज खरंच मिळतं?

तो चाचणीतला आकडा. सियाझच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) रूपाला २८.०९ आणि २०१७ च्या डिझायरला २८.४० किलोमीटर प्रतिलिटर असा दावा होता. चाचणी ठरावीक वेग-क्रमाने, प्रयोगशाळेत, रोलरवर होते. रस्त्यावर एसी, चढ, सिग्नल आणि तुमचा उजवा पाय असतो. हायवेला एका लयीत ८० ने चालवलीत तर गाडी दाव्याच्या बरीच जवळ जाते, शहरात तेवढी अपेक्षा नको.

रिमॅप करून, म्हणजे ईसीयूतलं गणित बदलून, पॉवर वाढवावी का?

वाढते, हे खरं. पण ७५ पीएसच्या गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स १९० न्यूटन-मीटरच्या हिशेबाने दिलेले असतात. त्यांना विचारून घ्या.

इतकं चाललेलं इंजिन बंद का केलं?

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. डिझेल गाडीसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली आणि काजळीची ०.०२५ वरून ०.००४५ वर. ते गाठायचं तर डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि नायट्रोजन ऑक्साइडवर उपाय करणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. तिचा खर्च गाडी छोटी म्हणून कमी होत नाही. महागड्या एसयूव्हीत तो खपून जातो, डिझायरमध्ये नाही.

त्यात हे इंजिन परवान्यावरचं, आराखडा मुळात २००३ चा. मारुतीने २०१९ मध्ये स्वतःचं १४९८ सीसीचं डिझेल आणलं, ९५ पीएस आणि २२५ न्यूटन-मीटरचं. ते सियाझमध्ये छान चालत होतं, पण वर्षभरातच कंपनीने डिझेलच सोडलं आणि तेही गेलं.

जुनी गाडी घेताना या इंजिनात काय पाहू?

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन गार असताना बघायला येणार, बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम इंजिन चेनचा आवाज लपवतं. पहिला स्टार्ट स्वतः बॉनेट उघडं ठेवून ऐका. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू पाहा. काळं ऑइल डिझेलमध्ये नेहमीचंच, पण गाळासारखा थर दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. इंटरकूलरच्या पाइपांना हात लावा. थोडा ऑइलचा ओलावा चालतो, थेंब गळत असतील तर टर्बोचं सील पाहून घ्या. मग गाडी तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० पर्यंत एकसारखी न्या. २००० च्या आसपास ओढ लागायला हवी, आणि मागच्या आरशात काळा ढग दिसायला नको. सर्व्हिसच्या पावत्यांवर किलोमीटरपेक्षा ऑइल बदलल्याच्या तारखा मोजा. एक लाख वीस हजार चाललेली आणि दहा-बारा वेळा ऑइल बदललेली गाडी मी साठ हजार चाललेल्या, तीनच पावत्या असलेल्या गाडीच्या आधी घेईन.